बारा पूर्णांक आठ मीटर

माळतांडा, ता. कळमनुरी
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय संतोष,

हे पत्र तुझ्या जहाजाच्या कॅप्टनसाहेबांनी छापून तुझ्या हातात दिलं असेल. माझा नंबर तू मे महिन्यापासून बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा रस्ता धरला. वहीच्या पानांवर लिहून, फोटो काढून त्यांच्या मेलवर पाठवते आहे. पत्ता मे महिन्यातलाच. ते जॉर्जियाचे, त्यांना मराठी येत नाही, त्यामुळे आपल्या घरातलं घरातच राहील. घरात आपण आईला याडी म्हणतो, आपली बोली बोलतो, पण ती कागदावर उतरवायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा मराठीतच लिहिते. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटच्या पानापर्यंत वाचून मग.

सात महिने झाले आपण बोललो नाही. का, ते दोघांनाही माहीत आहे. याडी दोन महिने अंथरुणावर होती आणि मी तुला कळवलं नाही. कळवलं ते ती गेल्यावर. बाराव्याला तू ऑस्ट्रेलियाहून तीन विमानं बदलून आलास, पायातले बूट न काढता दारात उभा राहिलास आणि सगळ्या तांड्यासमोर म्हणालास, "ताई, तू माझी याडी चोरलीस." मिराकाकीनं मला कोपरानं ढोसलं, "अगं शिला, बोल की काहीतरी." मी बोलले नाही. तू महिनाभर राहिलास, बाशी बोललास, कुत्र्याशी बोललास, माझ्याशी नाही. आणि कंपनीनं बोलावल्यावर पुन्हा त्याच जहाजावर गेलास. त्या दिवशी मी का गप्प राहिले, ते आज लिहिते आहे.

तू बोलत नसलास तरी तू कुठे आहेस ते मला रोज कळतं. शाळेतून आले की फोनवर जहाजं कुठे आहेत ते दाखवणारं पान उघडते. ओलिंथा. मालवाहू. लांबी एकशे नव्वद मीटर, रुंदी बत्तीस. बांधणी २०११. वजन वाहायची ताकद छप्पन्न हजार टन. खाली सात आकडी नंबर, तो मला शाळेच्या यू-डायस नंबरापेक्षा पाठ आहे. पाच तारखेला तू आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेहून कोळसा घेऊन निघालास. पुढचं बंदर पारादीप, पोचण्याची तारीख एकवीस. जमिनीपासून लांब गेलं की फुकटच्या पानावर जहाजाची जागा दिसत नाही, नुसता निळा समुद्र आणि 'शेवटची नोंद सहा दिवसांपूर्वी' एवढंच. तरी मी उघडते. सवय आहे. याडीनं लावलेली.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा ओलिंथावर गेलास तेव्हा हे पान तूच मला उघडून दिलं होतंस. बा शेजारी बसून ऐकत होता. छप्पन्न हजार टन म्हटल्यावर त्यानं विचारलं, "क्विंटल किती?" मी सांगितलं. मग तो बराच वेळ अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत राहिला. त्याच्या आजोबांपर्यंत आपली लदेणी होती, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य-मीठ वाहायचं काम. एका बैलावर सव्वा क्विंटल धरून त्यानं हिशोब लावला आणि म्हणाला, "साडेचार लाख बैल झाले की! यवढ्यांला पाणी कुठं पाजावं?" याडी तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "पाण्यातूनच चालून राहिलेत न्हवं, पेतील." तेव्हापासून तिच्यासाठी ओलिंथाचं नाव लदेणीच. "लदेणी कुठवर गेली?" हा रोजचा प्रश्न. त्याच्यामागोमाग दुसरा, तिच्या दृष्टीनं खरा प्रश्न. "भरलेली का रिकामी?"

याचं उत्तर त्या पानावर कसं शोधायचं हे मला दोन महिन्यांनी कळलं. एक आकडा असतो, जहाज पाण्यात किती खोल बसलंय त्याचा. बारा पूर्णांक आठ मीटर असेल तर काठोकाठ भरलेलं. सहा-साडेसहा असेल तर रिकामं. मी याडीला समजावून सांगितलं की आपली विहीर चाळीस फुटांची, भरलेलं जहाज तिच्याहूनही दोन फूट खाली जातं. ती विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन वाकून बघून आली. परत येऊन म्हणाली, "मंग लेकरू वरी ऱ्हातंय का खाली?" मी म्हटलं, वर राहतंय. "मंग बराबर हाय."

भरलेली का रिकामी हे तिला काहून हवं असायचं, ते तुला सांगायला नको. पण ते लिहून काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बानं बत्तीस वर्षं हिंगोलीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली केली आणि याडीनं तिथंच हळद चाळली. हमालांचा एक नियम असतो. ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याला मागून हाक मारायची नाही. त्याच्या घरी पोरगं झालं असो की कुणी मेलं असो, पोतं थप्पीवर पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कारण हाक ऐकली की माणूस वळतो, आणि पाठीवर क्विंटलभर ओझं असताना वळला तर कमरेचं काय होतं ते आपण सोनाजीमामाकडे पाहिलंय. ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना कुणीतरी बाई खालून ओरडली, "सोनाजीदादा, पोरगा झाला!" आणि तो हसत वळला. त्यानंतर पुढची बावीस वर्षं तो बाजेवर होता.

हा मोंढ्याचा नियम याडीनं घरात आणला, आणि तू बोटीवर गेल्यावर तुला लावला. गाय मेली, तू भरलेला होतास, म्हणून पंधरा दिवसांनी मुंद्र्याला माल उतरल्यावर कळवलं. माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा तू युरोपच्या वाटेवर भरलेला होतास. महिनाभर मी तुझ्याशी फोनवर साड्यांबद्दल बोलत राहिले. शेवटी तुझ्याही हे लक्षात आलं. एकदा तू हसत म्हणालास, "याडीनं माल उतरला का म्हणून विचारलं की मला कळतं, घरात काहीतरी झालंय. काय झालं ते आधी सांगत जा." त्यानंतर आम्ही तुला तो प्रश्न विचारणं बंद केलं. पानावर आकडा दिसत होता, तर तुला घाबरवायचं कशाला.

मला वाटतं, सगळं तिथं चुकलं.

फेब्रुवारीत तिच्या पोटात दुखायला लागलं. सहा मार्चला नांदेडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन मला बाहेर बोलावलं. याडी मागोमाग बाहेर आली. ते आजाराचं नाव सांगायला लागले तर म्हणाली, "नाव नका सांगू साहेब, दिवस सांगा." डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. दोन महिने, फार तर तीन. परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली होती. बाळापूर मागे पडलं. मग म्हणाली, "लदेणी कुठं हाय?"

तू दोन दिवसांआधीच ब्राझीलमधून निघाला होतास. सोयाबीन भरून, चितगावकडे. बारा पूर्णांक आठ.

मी सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं. चितगाव म्हणजे किती लांब, पोचायला किती, उतरायला किती. "म्हणजे वैशाखात उतरंल. तवर मी काढते. उतरलं की सांग त्याला." मी म्हटलं, याडी, तो माणूस आहे, बैल नाही. ती म्हणाली, "म्हणूनच." संतोष, मी तिथंच, एसटीतून तुला मेसेज करू शकत होते. मी पस्तीस वर्षांची बाई आहे, शाळेत केंद्रप्रमुखांना तोंडावर उत्तर देते. पण तिनं माझा हात तिच्या पोटावर ठेवून घेतला होता, आणि मी ऐकलं. यातला दोष माझा आहे. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

मग आम्ही तिघं तुझ्या जहाजाची वाट बघत बसलो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ते आफ्रिकेचं टोक वळून आलं. बाला एकच राग होता, "आपल्या घरात सोयाबीन पडून हाय अन् हे ब्राझीलचं काहून आणून राहिलेत?" याडीला भात जाईना, मग पेज जाईना, मग चहा. पण संध्याकाळी साडेपाचला मी दारात सायकल लावली की ती भिंतीला टेकून उठून बसायची. नऊ एप्रिलला ओलिंथा चितगावच्या बाहेर पोचली. पानावर लिहून आलं, नांगर टाकून उभं. याडीनं मिराकाकीला हाक मारून सांगितलं, "पोचला गं!" काकी म्हणाली, "घरात आल्यासारखी नाच की मंग." आणि याडी खरंच बसल्याबसल्या हात हलवून दोन ओळी म्हणाली. त्या दिवशी तिनं अर्धी भाकर खाल्ली.

मी रोज बघत होते. नांगर टाकून उभं. बारा पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी तेच, दहा दिवसांनी तेच. मला वाटलं, बंदरात गर्दी असेल, धक्क्याला लागायला जागा नसेल. मोंढ्यात नाही का हळदीच्या मोसमात ट्रॅक्टर तीन-तीन दिवस रांगेत उभे राहतात. चोवीस एप्रिलला तू फोटो पाठवलास, डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे समुद्र आणि जहाजाच्या अंगाला लागलेल्या पाच-सहा बोटी. याडीनं फोन डोळ्यांजवळ धरून विचारलं, "या होड्या काहीच्या?" मी म्हटलं, मच्छीमारांच्या असतील.

सत्तावीस तारखेला तुझा फोन आला. रेंज तुटत होती. तू विचारलंस, "याडी, आवाज असा काहून येऊन राहिला?" ती म्हणाली, "सर्दी झाली रे. तू जेवलास का?" आणि तुझं ऐकताना तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं उमटली. मला तेव्हा फक्त एक वाक्य विचारायचं होतं, माल उतरला का. पण विचारलं असतं तर तुला कळलं असतं, काहीतरी आहे. आणि पानावर तर दिसतच होतं, उतरलेला नाही. मी साड्यांबद्दल बोलले.

चार मेला, रविवार होता, ओलिंथा हलली. नांगर उचलला, दक्षिणेकडे निघाली. मी पान तीनदा उघडलं. पुढचं बंदर ऑस्ट्रेलिया. आकडा बारा पूर्णांक आठ. मी स्वतःची समजूत घातली की तिथं माल घेतला नाही, आता दुसरीकडे नेत असतील. शहाणी बाई असते तर विचार केला असता की ब्राझीलचं सोयाबीन बांगलादेशाच्या दारातून ऑस्ट्रेलियाला कोण नेईल. पण दोन महिने एकाच आकड्याकडे बघणारा माणूस शहाणा राहत नाही.

आत गेले. ती जागी होती.

"हालली का?"

"हालली."

"भरलेलीच?"

"भरलेलीच."

तिनं डोळे मिटले. "मंग ऱ्हाऊ दे. पुढच्या मुक्कामाला सांगू."

शुक्रवारपर्यंत ती बोलत होती. नंतर दोन दिवस नुसती बघत होती. अकरा मेच्या सकाळी गेली. त्यानंतर मात्र मी कुठला आकडा पाहिला नाही, कंपनीच्या मुंबईच्या नंबरावर फोन लावला, त्यांनी कॅप्टनसाहेबांचा पत्ता दिला. पुढचं तुला माहीत आहे.

बाराव्याला तू दारात उभा राहून जे म्हणालास त्यातलं सगळं मला शब्द न् शब्द आठवतं. "जहाज रिकामं होतं ताई! दोन तारखेलाच सगळा माल उतरला होता. कंपनीनं विचारलं, चितगावला उतरून घरी जातोस का अजून दोन महिने थांबतोस? मी म्हणालो थांबतो, घरी सगळं ठीक आहे. तुला एक फोन करायला काय झालं होतं?" तीन तारखेला निघाला असतास तर पाच-सहाला घरी. ती शुक्रवारपर्यंत बोलत होती. चार दिवस मिळाले असते तुम्हा दोघांना. हे गणित तू माझ्यासमोर मांडलंस तेव्हा माझ्या हातात फोन होता आणि पान उघडं होतं. त्यावर तेव्हाही बारा पूर्णांक आठच होतं.

मला काही कळलं नाही. वाटलं, ते पानच खोटं. जून संपता संपता तुझा कुरुंद्याचा मित्र धम्मानंद भेटायला आला. तू तेव्हा पुन्हा जहाजावर गेला होतास. तोही सुट्टीवर, टँकरवरून उतरलेला. बाशी बोलून झाल्यावर मी त्याला चहा दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की तो खोलीचा आकडा यंत्रानं आपोआप येतो ना? तो म्हणाला, "न्हाई ताई. जहाज कुठं हाय, किती वेगानं चाललं, ते आपोआप. पण पुढचं बंदर, तारीख अन् हा आकडा हातानं भरावा लागतो. कामाच्या घाईत लई जण विसरतात. कुणाचं काही अडत न्हाई त्यानं." मी विचारलं, कोण भरतं? "बहुतेक जहाजांवर सेकंड ऑफिसर." आणि मग तोंडाशी नेलेला कप त्यानं तसाच धरला. ओलिंथावर सेकंड ऑफिसर कोण आहे ते त्याला माहीत होतं. "तुमी काहून विचारून राहिले ताई?"

मी त्याला तुझा फोटो दाखवला. त्यानं दोन बोटांनी मोठा केला. "या मच्छीमारांच्या न्हाईत. चितगावला मोठं जहाज आत जात न्हाई, बाहेर उभं ऱ्हातं अन् माल असा छोट्या बोटींत उतरवतात. हे बघा, सोयाबीनच हाय." बोटीत खरंच पिवळा ढीग होता. सोयाबीनच्या रानात वाढलेल्या आम्हा तिघांना तो दिसला नव्हता. कप खाली ठेवून तो एवढंच म्हणाला, "त्याला सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगणार.

आणि खरंच सांगणार नव्हते. तुझा राग मला चालला असता. जन्मभर चालला असता. त्या रागाच्या आधारानं तू उभा होतास. तो आकडा तुझ्या हातात दिला असता तर तू पडला असतास. बघ, मी पण तिचीच मुलगी. माझ्या हिशोबानं तूही तेव्हा भरलेलाच होतास.

दिवाळीत मी बाला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं. त्याला आकडे-बिकडे कितपत कळलं ठाऊक नाही. बराच वेळ तो वाळत घातलेल्या शेंगा हातानं फिरवत राहिला. मग म्हणाला, "सोनाजीला हाक मारणारी तुझी याडीच व्हती." मग शेंगा तशाच ठेवून पुढे म्हणाला, "एकोणीस वर्साची व्हती. नवी आलेली मोंढ्यात. त्याच्या घरून निरोप आला तर हिला हौस, पयला मी सांगते. पळत गेली." संतोष, आपण लहानपणी दर शनिवारी सोनाजीमामाच्या घरी पीठ पोचवायचो. मला वाटायचं ते आपले नातेवाईक आहेत. तू तर मोठा होईपर्यंत त्यांना सख्खे मामा समजायचास. बा म्हणाला, "तिला कुणी बोललं न्हाई. सोनाजी बी न्हाई. तो म्हणायचा, माझं पोरगं झाल्याचं सांगितलं तिनं, वाईट काय केलं? पण ती त्या दिवसापासून कुणाच्या पाठीमागून बोलली न्हाई. माझ्या बी."

हे ऐकल्यापासून मी याडीवर चिडू शकत नाही, आणि तिचं ऐकलं म्हणून स्वतःलाही माफ करू शकत नाही. तिनं एकदा सांगितलं आणि एक माणूस मोडला. मग तिनं जन्मभर सांगितलं नाही, आणि तू मोडलास. कोणतं बरोबर हे मला ठरवता येत नाही. मुलांना वर्गात मी रोज बरोबर-चूक करून देते, तांबड्या पेननं.

आकड्याबद्दल एवढंच म्हणते. तू तो बदलायला विसरलास. तसं शेकडो लोक विसरतात, धम्मानंद म्हणाला ते खरं आहे, त्यानं कुणाचं अडत नाही. आपलं अडलं, कारण जगात आपलं एकच घर असेल जे तो आकडा बघून ठरवत होतं की पोराला आई मरते आहे हे सांगायचं की नाही. हे तुला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला मात्र फोनवर तोंड होतं. म्हणून तुझी चूक आणि माझी चूक एका मापाची नाही, आणि तसं तू कधीही मानू नकोस. रडायचं असेल तर रड. पण पाळीवर जायच्या आधी तोंड धुऊन जा, आणि त्या दिवशी कुणाला तरी सोबत घे.

तू म्हणशील, जूनपासून लपवलंस तर आज काहून सांगून राहिलीस, तेही भरसमुद्रात. सांगते. दिवाळीनंतर बाला दम लागायला लागला. आधी विहिरीपर्यंत, मग अंगणात, मग बसल्याजागी. नांदेडला नेलं. हृदयाची झडप खराब झाली आहे आणि छातीत हळदीच्या धुळीची बत्तीस वर्षं आहेत. ऑपरेशन हैदराबादला, शुक्रवारी, सव्वीस तारखेला. डॉक्टर म्हणाले, अर्धं-अर्धं. दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा तो उशीला टेकून, श्वास धरून बोलतो आणि ठेवल्यावर दहा मिनिटं बोलू शकत नाही. काल त्यानं मला विचारलं, "लदेणी भरलेली हाय का?" मी म्हटलं, भरलेली आहे. तो म्हणाला, "मंग उतरू दे, मग सांग." पारादीपला तुझा नंबर लागून कोळसा उतरेपर्यंत महिना संपेल. मी त्याला हो म्हटलं आणि शाळेच्या वहीची पानं फाडून हे लिहायला बसले. एकवीसला तुम्ही बाहेर नांगर टाकाल. तिथूनच बोटीनं उतरता येतं. मी मुंबईच्या ऑफिसशी बोलले आहे, ते तुझ्या जागी माणूस पाठवायला तयार आहेत, तुझ्या होकाराची वाट बघत आहेत. पारादीपहून भुवनेश्वर, तिथून हैदराबाद, तेवीसला तू त्याच्यापाशी असशील. जहाज भरलेलं आहे, मला माहीत आहे. बा आजारी आहे, संतोष. ये.

तुझीच,
ताई